मेलास तरी ऊठ

बसा मंडळी, बसा. मागचे जरा पुढे सरका. खांबाला टेकलेत त्यांनी सरळ बसा, खांब देवळाचा आहे, तो तुमच्या आधाराशिवाय उभा राहील. आणि फोन खिशात. नुसता उलटा करून मांडीवर ठेवायचा नाही – मला वरून सगळं दिसतं.

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. माणसाची हाव मरत का नाही?

तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न झाला, हाव कधी मरते का? चूक. साफ चूक! हाव रोज मरते. फटका बसला की मरते. दवाखान्यात पेशंटजवळ बसलं की मरते. स्मशानातून परत येताना तर इतकी मेलेली असते, की माणूस म्हणतो, काय न्यायचंय हो बरोबर! आणि घरी येऊन आंघोळ करतो, डोकं पुसतो आणि विचारतो – त्या वरच्या जमिनीच्या तुकड्याचं पुढे काय झालं? मेलेली उठली कशी? उठवली कोणी? माझा प्रश्न हा आहे. उत्तर मी देणार नाही, आमच्या तळकोकणातली एक गोष्ट देईल. ऐका.

मालवणच्या अंगाला एक गाव. नाव मी मुद्दाम बदलून सांगतो, आंबेरखोल म्हणू. त्या गावात यशवंत घाडी म्हणून गृहस्थ. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाला कौल लावणारा. पेरणी कधी करू, लग्न जमवू का – गाव यशवंतरावांना विचारतं, यशवंतराव रवळनाथाला विचारतात. शब्दाचा मोठा पक्का माणूस. त्यांची बायको सुलोचनाकाकी. जीभ तिखट, पण हात सढळ, आणि दोन्ही गुडघे गेलेले. पायरी उतरायची म्हणजे आधी भिंतीचा धावा, मग देवाचा. आणि त्यांना एकच मुलगा, संकेत. इंजिनियर. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. हुशार पोरगा, माझं त्याच्या हुशारीशी काही भांडण नाही. माझं भांडण पुढे आहे.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदला, म्हातारी पळेल. आई-बापांनी काजू विकून, नारळ विकून बरीचशी रक्कम साठवली होती. ती या संकेतच्या हातात दिली. म्हणाले, तू शिकलेला, तूच सांभाळ. सांभाळ म्हणाले हो! वाढव म्हणाले नव्हते. पण शिकलेल्या माणसाला सांभाळ म्हटलं की वाढव ऐकू येतं, त्याला काय करणार.

तर या पठ्ठ्याने काय केलं? बॉट बनवला. आता बॉट म्हणजे काय, हे त्या मागच्या आजोबांना सांगायला हवं. आजोबा, हल्ली ते क्रिप्टोचं नाणं असतं ना – हातात येत नाही, वाजत नाही, फक्त पडद्यावर वर-खाली होतं – त्या नाण्याची आपोआप खरेदी-विक्री करणारा हा बिनपगारी नोकर. भाव पडला की घे, चढला की विक. जेवत नाही, झोपत नाही, रजा मागत नाही. आणि तो राहतो कुठे? डब्यात! कंटेनर म्हणतात त्याला. कॉम्प्युटरच्या आतच एक बंद डबा करायचा, त्या प्रोग्रामला लागतं ते सगळं त्यात भरायचं आणि झाकण लावून चालू करून द्यायचं. बाहेर काय चाललंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. माजघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी एक छोटा कॉम्प्युटर, आणि त्यात हा डबा.

आता नीट ऐका, गोष्टीची गाठ इथे आहे. इंटरनेट तुटलं की तो बॉट मरायचा. मेला की उठवायचा कोणी? म्हणून डबा बनवताना त्याला हुकूम द्यायची सोय असते. एक हुकूम असा, की मी स्वतः थांबवलं नसेल, तरच पुन्हा ऊठ. दुसरा असा, की कसाही मेलास तरी ऊठ, आणि मी थांबवलं असलं तरी कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला की पुन्हा ऊठ. नेहमी ऊठ. संकेतने कुठला दिला असेल? सांगा बघू? … हां, त्या ताईंनी बरोबर ओळखलं, त्यांच्या घरात इंजिनियर दिसतोय.

आणि दुसरं. बॉटला त्याने बंधनही घातलं होतं बरं का – एकदा नाणं घेतलं की ते विकेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही. शहाणपणाची गोष्ट! पण घेतलं की नाही हे बॉटने लक्षात कुठे ठेवायचं? डोक्यात. बाहेर कुठेतरी नोंद ठेवायची सोय असते, ते काम संकेतने नंतर करू म्हणून ठेवून दिलं होतं. मग व्हायचं काय? बॉट मेला की डोकं पुसलं जायचं. उठला की कोरी पाटी. आपण आधी घेतलंय हेच त्याला ठाऊक नाही. म्हणजे बंधन होतं, पण एका जन्मापुरतं. आणि जन्म किती? मोजदाद नाही. संकेतला हे माहीत होतं हो! आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं, मग तो स्वतः बसून जादा घेतलेलं विकायचा आणि म्हणायचा, या रविवारी नीट करतो. तुमचा रविवार कधी येतो? त्याचाही तेव्हाच यायचा.

अशात रवळनाथाने कौल दिला – गावपळण.

तुम्ही घाटावरची माणसं, तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्याकडे काही गावांत काही वर्षांनी अख्खा गाव घर सोडून वेशीबाहेर राहायला जातो. तीन दिवस. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री – सगळ्यांनी जायचं. माळावर झावळ्यांच्या राहुट्या घालायच्या. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, माणूस फिरकायचा नाही. गाव देवाच्या स्वाधीन. आणि मंडळी, फार गोड प्रकार असतो तो. घरात ज्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं, ती माणसं एका झावळीखाली भाकरी खातात. तीन दिवस कोणाचं काही नसतं, म्हणून कोणाचं भांडण नसतं.

यशवंतरावांचं काम काय, तर निघायच्या दिवशी घरोघर जायचं आणि घरच्या कर्त्याला विचारायचं, "मागे काय जिता रवला नाय मा?" म्हणजे जिवंत काही मागे राहिलं नाही ना? तो म्हणायचा, "नाय." मग मेन स्विच बंद, दाराला कडी, पुढचं घर. सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. रिवाज म्हणजे रिवाज, स्वतःच्या मुलालाही दारात उभं करून विचारलं.

संकेत म्हणाला, "नाय बाबा, काय नाय."

झालं. मेन स्विच बंद केला, कडी घातली. आई काठी टेकत पुढे, बाप मागे कोंबड्यांचा झाप घेऊन. बैलाच्या गोठ्यापर्यंत आले आणि संकेत म्हणतो, "चार्जर राहिला, तुम्ही चला, मी आलोच." मागे आला, कडी काढली, मेन स्विच वर केला. कॉम्प्युटर सुरू झाला, बॉट उठला. का? तर आदल्या दिवसापासून नाण्याचा भाव पडत होता. पडल्या भावात घ्यायचं, हीच तर वेळ! आणि मनाची समजूत काय घातली? बाबा जिवंत म्हणाले. यंत्र कुठे जिवंत असतं? डोकं धरावं, मंडळी! कंपनीने विचारलं असतं तर याने खरं सांगितलं असतं. देवाच्या दारात मात्र वकिली.

आता माळावर या. सगळा गाव मजेत. बायका फुगड्या घालतायत, म्हातारे पत्ते खेळतायत. आणि संकेत? एका काजूच्या झाडाखाली फोनमध्ये तोंड घालून. घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचायचा एक आडवाटेचा दरवाजा त्याने फोनमध्ये करून ठेवला होता. बघतो तर, इंटरनेट तुटलेलं. परत आलेलं. पुन्हा तुटलेलं. आमच्याकडे ते भरती-ओहोटी पाळतं. आणि दर तुटण्याला बॉट मेलेला, दर जुळण्याला उठलेला – आणि उठला की कोरी पाटी, भाव पडलेला दिसला की घे! पुन्हा मेला, पुन्हा उठला, पुन्हा घे! नाणं घसरतंय आणि हा घेतोय. त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याचा तो पहिलाच जन्म!

 संकेतने फोनवरून बॉट थांबवला. थांबला बरं का. इथे गोष्ट संपली असती, मी आरती करून घरी गेलो असतो. पण घटकाभराने भाव जरासा वर आला. जरासा! याचा जीव खालीवर. म्हणतो, थांबवलं म्हणून चुकलं, चालू असता तर विकलं असतं. केला चालू. भाव पडला. बॉटने घेतलं. केला बंद. भाव चढला. केला चालू.

मी तुम्हाला विचारतो, इथे उठवणारा कोण? डबा? तिथे तरी इंजिनियरने लिहिलेला हुकूम होता. या इंजिनियरला कोणी लिहून दिलं होतं?

आई राहुटीच्या तोंडाशी पाय पसरून बसली होती. सुजलेल्या पायांना शेजारणीने तेल चोळून दिलेलं. ती सगळं बघतेय. म्हणाली, "काय रे झिला, सकाळपासून जेवक नाय. कोण आजारी आसा?"

"कोण नाय गे आई. ऑफिसचा काम."

"ऑफिसान पण पळण घेवची एकदा," ती म्हणाली, आणि पेज त्याच्यापुढे सारली. खाल्ली नाही त्याने. आईच्या गुडघ्यांचे पैसे निम्म्यापर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने मनाशी ठरवलं, पुरे. बॉट थांबवला आणि फोन खिशात घातला. कानाला खडा. हाव मेली. बघा, मी म्हटलं ना, मरते म्हणून! त्या तासाभरात पोराने आईशी गप्पा मारल्या, पत्त्यांचा डाव टाकला, चुलत्याला हसवलं.

आणि लाईट गेली. त्या अंगाची सगळीच गेली, आणि जेवायच्या वेळेला परत आली. घरात कोण होतं? कोणी नाही. पण मेन स्विच वर होता. लाईट आल्याबरोबर कॉम्प्युटर उठला, आणि कॉम्प्युटर उठल्याबरोबर बॉट उठला. अरे पण थांबवला होता ना? थांबवला होता. पण हुकूम काय होता? मी थांबवलं नसेल तर ऊठ, असा नव्हता. नेहमी ऊठ, असा होता. बॉट आज्ञाधारक. उठला आणि घ्यायला लागला.

सौदा झाल्याचा मेसेज खिशात वाजला, संकेतने फोन काढला, तर तो आडवाटेचा दरवाजा बंद! दरवाजा त्याने हाताने उघडून ठेवला होता, लाईटबरोबर तो मिटला. हावेला सांगितलं होतं, मेलीस तरी ऊठ. दाराला सांगायचं राहून गेलं. आता घरात बॉट आणि वेशीबाहेर मालक. आपण आपल्या मनाच्या वेशीबाहेर किती वेळा उभे असतो, ते घरी जाऊन मोजा.

एक उपाय उरला होता. आणि इथे मला खरा राग येतो. जिथे नाण्यांचा बाजार भरतो, त्या बाजाराने संकेतला एक किल्ली दिलेली असते, ती बॉटकडे असते, म्हणून बॉटला त्याच्या नावावर सौदे करता येतात. ती किल्ली फोनवरून रद्द करता येते. बाजाराचं ॲप उघडायचं, रद्द करायचं, संपलं! बॉट कितीही उठला तरी दारातून परत. संकेतने ॲप उघडलं. पडद्यावर प्रश्न आला, किल्ली रद्द करू? याने बोट पुढे नेलं.

आणि दाबलं, 'नको'.

अरे का? का बाबा? तर म्हणे नवी किल्ली घ्यायला घरी बसून परत सगळी मांडामांड. तोवर भाव उसळला तर? त्यापेक्षा पटकन घरी जाऊ, बॉट नीट करू, चूक दुरुस्त करू आणि पुन्हा चालू करू. म्हणजे गावपळण मोडायची तयारी होती. देवाचा कौल मोडायची, बापाचा शब्द मोडायची तयारी होती. बॉट मोडायची नव्हती.

भर दुपारी, सगळे जेवायला बसले असताना, हा वेशीकडे निघाला. वेस म्हणजे काय, एक ओहोळ आणि त्यावर चिऱ्याचा साकव. पलीकडे गाव. एक कुत्रं नाही, एक धूर नाही. ऊन नुसतं पडून राहिलेलं. याने साकवावर पाय ठेवला आणि मागून काठीचा आवाज.

सुलोचनाकाकी! जिला पायरी उतरायला भिंत लागते, ती बाई माळावरून उतरून आली होती. धापा टाकत साकवाच्या कठड्यावर बसली. ओरडली नाही. म्हणाली, "खय चललंस?"

तेव्हा सांगितलं बघा त्याने. सगळं सांगितलं. स्विच, बॉट, नाणं, निम्मे पैसे. आई ऐकत होती. तिला कंटेनर कळला असेल? नाही. तिने पैशांचंही विचारलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून एवढंच विचारलं, "हयसून बंद करूक येणा नाय?" म्हणजे, इथून बंद करता येत नाही?

"येता."

"मगे घरात कित्याक जातंस?"

मंडळी, घरात कशाला जातोस, विचारते ती.  तो म्हणाला, "आई, हयसून केलंय तर ता कायमचा मरतला."

"मगे?"

बस. एवढाच शब्द. मगे? म्हणजे मग काय बिघडलं?  संकेतकडे उत्तर होतं, पण ते आईसमोर म्हणण्यासारखं नव्हतं. त्याला तो बॉट मरायला नको होता. आईचे पैसे वाचवायला तो घरी निघाला नव्हता. बॉटला वाचवायला निघाला होता. ते त्याचं त्यालाच तेव्हा कळलं, आणि मान खाली गेली.

आईने हात पुढे केला. "दी हयसर. खयचा बटण?"

त्याने फोन तिच्या हातात दिला. पुन्हा तोच प्रश्न पडद्यावर. बटण कुठलं ते त्याने आपल्या बोटाने दाखवलं, आणि तिने दाबलं. मग त्याला म्हणाली, उठव माका, आणि दोघं माळावर परत आली. चढावर तिने पावलोपावली बसकण मारली. उचलून घेतो म्हणाला, तर नको म्हणाली.

यशवंतरावांना त्याने स्वतः जाऊन सांगितलं.  परतीचा कौल लावायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, माझ्या घरात काहीतरी जागं राहिलं होतं, यंदा मी विचारणार नाही. त्यांच्या चुलतभावाने विचारलं. देवाने कौल दिला, गाव परत गेला. संकेतने दार उघडलं. माजघरात फळीवर कॉम्प्युटरचा दिवा लुकलुकतोय. पडद्यावर पाहिलं – बॉट उठतोय, बाजाराच्या दारात जातोय, किल्ली नाही म्हणून हाकलला जातोय, मरतोय, उठतोय. पैसा नाही, परवाना नाही, काही मिळणार नाही, तरी उठतोय. संकेतने जाऊन मेन स्विच खाली केला.

पैसे उरले ते एका गुडघ्यापुरते. कोल्हापूरला जाऊन काकींनी उजवा बदलून घेतला. आज त्या चालतात. उजवा पाय पंचविशीतला, डावा पंचाहत्तरीतला. बाजारात गेल्या की उजवा पुढे जाऊन डाव्याची वाट बघत उभा राहतो.

तुम्हाला वाटेल, पोरगा सुधारला. मलाही वाटलं होतं. सहा महिन्यांनी – हसू नका – सहा महिन्यांनी हा आईपुढे येऊन बसला. म्हणाला, "आई, चूक सापडली. आता नोंद बाहेर ठेवलंय, हुकूम बदललंय. थोड्या पैशांत करून बघतंय. तुझ्या डाव्या गुडघ्यासाठी गे."

काकी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. म्हणाल्या, "तुका करूचा तर कर. माझा नाव घेव नको."

पुन्हा ऐका. तुला करायचं तर कर. माझं नाव घेऊ नकोस.

मंडळी, मी सुरुवातीला विचारलं होतं, मेलेली हाव उठते कशी. हुकूम आपण देतो, ते आता कळलं. पण नुसत्या हुकमाने भागत नाही हो! नागडी हाव उठली तर आपणच लाजून तिला खाली बसवू. म्हणून आपण तिला नाव देतो. आईच्या गुडघ्यांचं नाव. पोरांच्या शिक्षणाचं नाव. ते पुढे बसलेत – हो, तुम्हीच, मागे काय बघता – भावाच्या वाटणीचा खटला चालवताय आणि म्हणताय, वडिलांच्या इज्जतीसाठी. वडील जाऊन किती वर्षं झाली? या देवळाला कळस चढवायचा म्हणून कितीजणांनी वर्गणी दिली आणि पाटीवर स्वतःचं नाव केवढ्या अक्षरांत मागितलं? आणि मला काय सोडता, मीही बिदागीचा आकडा सांगताना देवाचं नाव घेतोच. आता हावेच्या तोंडावर एवढं पवित्र नाव असलं, की तिला मार म्हणायची छाती कोणाची?

म्हणून आज घरी गेलात, की प्रसाद बाजूला ठेवा. ज्याच्या नावावर तुम्ही हे सगळं चालवताय, त्या माणसासमोर बसा आणि विचारा – आई, तुला हे हवं होतं का गं? पोरा, तुला हवं होतं का रे? विचारून बघा. फार विचारायचं नाही, एकदाच विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत फोन खिशात ठेवायचा.

विचारणार का? … एवढ्या जणांतून तीनच हात वर. बरं. उरलेल्यांनी डोळे मिटा आणि रवळनाथाचं नाव घ्या. त्यात कोणाचं काम चिकटवू नका. नुसतंच घ्या.